कुंदाताईंचं भेव

कुंदाताई रामटेके लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. मोकाट कुत्रं दिसलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालत. विजा चमकायला लागल्या की घरातले सगळे प्लग उपसून ठेवत. गॅसचं बटण बंद करून दारापर्यंत जायच्या, परत येऊन बघायच्या, चपला घातल्यावर आणखी एकदा आत डोकावायच्या. स्कूटर अशी चालवायच्या की मागचा माणूस हॉर्न वाजवून थकायचा आणि पुढे निघताना, ही कोण बाई आहे, म्हणून मान वळवून बघून जायचा.

आणि नागपुरातल्या आमच्या छोट्याशा गिर्यारोहण मंडळाच्या त्या लीडर होत्या.

लकडगंजातल्या एका मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवत. लग्न केलेलं नव्हतं. जरीपटक्याजवळ भावाच्या कुटुंबासोबत राहत. शाळेच्या सुटीला जोडून रजा काढायच्या आणि हिमालयात जायच्या. बुटक्या, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या या बाई बर्फात दोर टाकत असतील हे त्यांच्या शाळेतल्या मुलींनाही खरं वाटत नसे. त्यांची एक सवय पहिल्या भेटीत फार खटकायची. बोलताना त्या समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसत. त्याच्या ओठांकडे बघत, नाहीतर नखांकडे. उंचावर हवा विरळ झाली की माणसाचे ओठ आणि नखं निळसर पडतात, आणि ते आधी दुसऱ्यालाच दिसतं. इतक्या वर्षांत ती नजर त्यांना लागून गेली होती. भाजीवाल्याशी बोलतानाही त्या त्याची नखं बघायच्या.

मी वाडीला एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचं काम बघायचो. एका मित्राच्या नादानं मंडळात आलो. त्या वर्षी लाहौलमधल्या एका शिखरावर मोहीम न्यायची ठरत होती आणि ताई माणसं निवडत होत्या. मे महिन्यातली पहाट होती. पाठीवर रेती भरलेली सॅक घेऊन सेमिनरी हिल्सच्या चढावर आम्ही वर-खाली करत होतो. ऊन चढायच्या आत ताईंनी थांबवलं आणि सगळ्यांना रांगेत उभं करून एकच प्रश्न विचारला.

"कुठं दुखते?"

माझ्या शेजारी नितीन होता. जिममध्ये ट्रेनर होता तो, आमच्यातला सगळ्यांत दणकट गडी. तो म्हणाला, "काहीच नाही दुखत ताई. अजून दोन चकरा मारतो म्हणान तं."

त्याच्या पलीकडे अश्विनी. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात कामाला असलेली, कमी बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "डावा गुडघा. उतरताना."

मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "सगळंच दुखतंय."

संध्याकाळी नावं कळली. अश्विनी होती, मी होतो, आणखी दोघं जण होते, नितीन नव्हता. तो तणतणत ताईंच्या घरी गेला. मी सोबत होतो, कारण त्याच्या गाडीवर मीच मागे बसलो होतो. ताईंनी त्याला आधी पाणी दिलं.

"तुह्यावर राग नाही गा माहा," त्या म्हणाल्या. "तू तगडा आहे, मले दिसते. पण तुले कुठं दुखते हेच मले समजत नाही. मंग मी तुले वर कशी नेऊ?"

"पण खरंच नव्हतं दुखत ताई."

"मंग आज नको. दुखन तेव्हा येजो."

काही आठवड्यांनी नितीन परत आला. मान खाली घालून म्हणाला, उजवा खांदा जुना दुखावलेला आहे, वजन घेतलं की रात्री झोप येत नाही. ताईंनी त्याचं नाव घातलं, खांद्यासाठी व्यायाम सांगितले आणि तो विषय पुन्हा काढला नाही. नितीननं मात्र मनात ठेवलं. आमच्यात बसला की तो त्यांना 'भेकडताई' म्हणायचा.

एकदा सरावानंतर टपरीवर चहा पिताना मी त्यांना सरळ विचारलं, की ताई, तुम्हाला एवढी भीती वाटते, तर तुम्ही तिथं जाता कशाला.

त्यांनी कप खाली ठेवला. "इथं भेव वाटते तं कायचं वाटते तेच समजत नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी उठलो का छातीत धडधड. काहून, तं माहीत नाही. तिथं समजते. ढग आला तं ढगाचं भेव. पाणी वाढलं तं पाण्याचं. कारण समोर असते. मग डोकं शांत राहते गा माहं." आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं त्याही 'मी जातो, मी येतो' असंच बोलायच्या.

त्यांचा मोहिमेचा नियम एकच होता, आणि तो त्या प्रत्येक बैठकीत सांगायच्या. ज्याला भीती वाटेल त्यानं ती बोलून दाखवायची. "मले भेव वाटते, मले खाली न्या, इतकं म्हणलं का झालं. मी कारण विचारणार नाही. मी स्वतः त्याले खाली आणीन. अन् परत आल्यावर कोणी त्याले हसलं तं मी पाहून घेईन." याच नियमापायी त्यांच्या बऱ्याच मोहिमा शिखराच्या खालूनच परतल्या होत्या. दुसऱ्या मंडळांतले लोक यावर विनोद करायचे. ताईंच्या कानावर ते जात. त्या म्हणायच्या, "बरोबर बोलून राहिले ते."

निघण्याआधी त्या प्रत्येकाच्या घरी गेल्या. आमच्या घरी आल्या तेव्हा आई पोहे करायला उठली, तर तिला हाताला धरून बसवलं. "काकू, आधी ऐकून घ्या. मंग पोहे." आणि मग तिथं काय काय होऊ शकतं ते सगळं सांगितलं. दरड, नदी, थंडी, उंचीचा आजार. आईचा चेहरा उतरत गेला. मी दारात उभा राहून ताईंना डोळ्यांनी खुणावत होतो की पुरे. त्यांनी बघितलं आणि बोलतच राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मी याले सुखरूप आणतो असं नाही म्हणत. ते माह्या हातात नाही. पण परत फिरायची वेळ आली तं मी फिरीन, इतकं सांगतो." त्या गेल्यावर आईनं पोह्यांच्या बश्या उचलल्या. मग म्हणाली, "हिच्यासोबत जा."

नागपूरहून गाडीनं दिल्ली, पुढं बसनं मनाली आणि तिथून घाट ओलांडून पलीकडे. नागपूरच्या उन्हातून निघालेली आमची टोळी हळूहळू स्वेटर, मग जाकीट, मग कानटोपी अशी चढवत गेली. ताई खिडकीकडे बसत नसत, दरी दिसते म्हणून. बसच्या मधल्या वाटेकडच्या सीटवर, समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसायच्या आणि प्रत्येक वळणावर डोळे मिटायच्या. नितीन मला कोपरानं ढोसायचा. "पाह्य बे, आपली लीडर."

शेवटच्या गावात रस्ता संपला. तिथं टशी भेटला. तो त्याच भागातला, ताईंसोबत आधीच्या मोहिमांना आलेला वाटाड्या. त्यानं खेचरं ठरवून ठेवली होती. तंबू, रॉकेल, धान्य खेचरांवर गेलं आणि आम्ही आपापल्या सॅका घेऊन चालू लागलो. पुढं ना घर, ना झाड, ना फोन. नुसते दगड, वारा, आणि कुठूनतरी सतत येणारा पाण्याचा आवाज. ताईंनी सगळ्यांना एका चालीनं चालायला लावलं होतं, आणि चालताना बोलायला लावलं होतं. ज्याला चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतं त्याचा श्वास ठीक आहे, असं त्यांचं म्हणणं. मग कुणी ऑफिसातल्या साहेबाच्या गोष्टी सांगायचं, कुणी तर्री पोह्यांवर बोलायचं. ताई सगळ्यांत मागून येत. त्यांचं आमच्या गोष्टींकडे अजिबात लक्ष नसे. वाक्य मध्येच तुटतंय का, एवढंच त्या ऐकत.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. मी सांगितलं. ताईंनी सगळ्यांनाच थांबवलं, पाणी पाजलं, बसवलं. तेवढ्यात उशीर झाला. नदीवर पोहोचलो तेव्हा दुपार उलटून गेली होती. खेचरं आणि टशी सकाळीच ओलांडून पलीकडे गेले होते. समोरच्या काठावर आमचे तंबू लागलेले दिसत होते. टशीच्या स्टोव्हजवळ वाफ दिसत होती. मध्ये नदी. फार रुंद नव्हती, पण दिवसभराच्या उन्हानं वरचा बर्फ वितळून पाणी मातकट झालं होतं.

"गुडघाभर आहे ताई," नितीन म्हणाला. "दोर बांधून मी आधी जातो."

"गुडघाभर दिसते," ताई म्हणाल्या. "ऐकू येते का काही?"

आम्ही गप्प राहून ऐकलं. पाण्याच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता. तळाशी दगड गडगडत चालले होते. मोठे असावेत. पायाखालच्या जमिनीतून ते कळत होतं.

"मले भेव वाटून राहिलं," ताई म्हणाल्या. "आपण सकाळी जाऊ."

नितीन चिडला. समोर गरम जेवण आहे, तंबू आहे आणि इथं उघड्यावर कुडकुडत बसायचं, ते एका बाईला भीती वाटते म्हणून, असं तो तोंडावर म्हणाला. ताईंनी मान डोलावली. "हो, माह्याच भेवापायी." मग सॅकमधून दाण्याची चिक्की काढली, सगळ्यांना सारखी वाटली आणि सगळ्यांत मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो खाल्ला आणि पाठ फिरवून बसला. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला स्लीपिंग बॅगा पसरून आम्ही पडून राहिलो. सकाळी पाणी निम्म्यावर आलेलं होतं, स्वच्छ, तळ दिसणारं. आम्ही एकमेकांच्या खांद्याला धरून पलीकडे गेलो.

नदीपासून बेस कॅम्प अर्ध्या दिवसाच्या चढावर होता. हिमनदीच्या कडेला दगडमातीचा उंच बांध आणि त्याच्या कुशीत थोडी सपाट जागा. समोर आमचं शिखर, इतकं जवळ की मान वर करून बघावं लागायचं. खेचरवाला सामान उतरवून खाली परतला. तो ठरल्या दिवशी परत येणार होता. तोवर आम्ही आणि तो बर्फ.

पहिल्या रात्री कुणालाच धड झोप लागली नाही. झोप लागताना श्वास अडकायचा आणि दचकून जाग यायची. दिवसा कुठूनतरी बर्फ कोसळल्याचा आवाज यायचा आणि आम्ही सगळे हातातलं काम टाकून वर बघायचो. काही दिसायचं नाही. मला तर आपण इथं कशाला आलो हाच प्रश्न पडायचा. मी तो ताईंना बोलून दाखवला. त्या म्हणाल्या, "मलेही पडला आहे." मला त्यामुळे बरं का वाटलं ते अजून सांगता येत नाही.

रोज सकाळी त्या प्रत्येक तंबूत डोकावत. नखं बघत, ओठ बघत. रात्री काय जेवला, डोकं दुखतं का, लघवीला किती वेळा गेला. काही लपवायची सोय नव्हती. मग बाहेर येऊन ढगांकडे बघत आणि आज कशाकशाची भीती वाटते ते मोठ्यानं सांगत. त्यावर दिवसाचं काम ठरे.

पुढच्या कॅम्पसाठी जागा बघायला ताई आणि टशी वर गेले. दोन दिवस लागोपाठ गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतल्या त्या फार दमून. जेवल्या नाहीत, थोडं सूप घेतलं आणि तंबूत शिरल्या. आम्हाला वाटलं, दमणारच.

सकाळी मी उठलो तेव्हा ताई बाहेर दगडावर बसून गाणं गुणगुणत होत्या. त्यांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. ऊन पडलेलं होतं, शिखर लखलखत होतं. त्यांनी मला बघितलं आणि हसल्या. "काय मस्त दिवस आहे गा मंगेश. आजच वर जाऊ सगळे. कॅम्प करत बसायचं कायले? सरळ जाऊन येऊ."

नितीन तंबूतून बाहेर येत होता. तो जागीच थांबला. "खरंच ताई?"

"मंग. तुह्यासारखा गडी असल्यावर."

नितीनचा चेहरा फुलला. बाकीचे दोघंही खूश झाले. इतके दिवस धरून ठेवलेला दोर कुणीतरी सोडावा तसं झालं. सगळे हसायला लागले, सॅका ओढायला लागले. माझं लक्ष मात्र ताईंच्या पायांकडे गेलं. ताईंच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती आणि ती जमिनीवर लोळत होती. हातातला चहाचा कप तिरपा झाला होता आणि चहा त्यांच्या पॅंटवर सांडत होता. त्यांना कळत नव्हतं. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत राहिलो.

अश्विनी त्यांच्यासमोर जाऊन उकिडवी बसली.

"ताई, आज कशाचं भेव वाटून राहिलं तुम्हाले?"

"आज?" ताईंनी जरा विचार केला. "नाही वं. कायचंच नाही."

सगळे पुन्हा हसले. अश्विनी हसली नाही. ती उठून आमच्याकडे वळली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "हे बरोबर नाही," ती म्हणाली. "यांना भेव वाटत नाही आहे."

हसू थांबलं. टशी स्वयंपाकाच्या तंबूतून आला. त्यानं ताईंना उभं राहायला सांगितलं आणि एका पावलाला दुसरं पाऊल चिकटवून सरळ रेषेत चालून दाखवा म्हणाला. ही तपासणी आम्हाला ताईंनीच शिकवली होती. त्या उठल्या, दुसऱ्याच पावलाला झोकांडी गेली आणि दगडावर हात टेकला. त्यांना त्याचंही हसू आलं. टशीनं आमच्याकडे बघितलं. "पानी दिमाग में चढ़ रहा है," तो हळूच म्हणाला. "अभी नीचे. अभी के अभी."

उंचीवर मेंदूला सूज येते तेव्हा असं होतं, हे आम्हाला ठाऊक होतं. वेळेत खाली उतरवलं नाही तर माणूस हातचा जातो हेही. निघताना डॉक्टरांनी दिलेली गोळी अश्विनीनं काढून त्यांना दिली. ती त्यांनी घेतली. पण खाली जायचं म्हणताच बिनसलं.

"लीडर कोण आहे?" ताईंचा आवाज चढला. तसा आवाजही मी कधी ऐकला नव्हता. "मी सांगतो तं कोणी खाली जाणार नाही. तुम्हाले सगळ्याइले वर जायचं होतं ना? रोज तोंड पाडून बसत होते माह्या नावानं. आता मी म्हणतो चला, तं मागं सरून राहिले?" त्यांनी टशीचा हात झटकला. उठायला गेल्या आणि बसल्या. पुन्हा उठायला लागल्या. उचलून न्यावं तर वाट दगडांची, खेचर नाही, आणि झटापटीत त्या पडल्या असत्या. अश्विनी समजावत होती, मी काहीतरी बोलत होतो. आमचे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. ऊन चढत होतं. त्यांच्या बोलण्यातले शब्द मध्येच अडखळायला लागले होते.

नितीन इतका वेळ बाजूला उभा होता. खांद्यावर दोर, पायात बर्फाचे बूट. त्यानं एकदा शिखराकडे बघितलं. मग दोर खाली टाकला, ताईंच्या समोर गुडघे टेकून बसला आणि त्यांचा हात हातात घेतला.

"ताई," तो म्हणाला, "मले भेव वाटून राहिलं. मले खाली न्या."

ताई बोलता बोलता थांबल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या. चष्म्याआडून त्यांची नजर कुठूनतरी लांबून यावी तशी हळूहळू त्याच्या तोंडावर आली, मग ओठांवर, मग त्यानं धरलेल्या हातावर. नितीन रडत होता. ते रडण्याचं सोंग नव्हतं, तो खरंच रडत होता.

"तुले?" त्या म्हणाल्या.

"हाव ताई. बहुत भेव वाटून राहिलं."

"चाल मंग," त्या म्हणाल्या आणि त्याच्या खांद्याला धरून उठल्या.

बेस कॅम्प तसाच टाकून आम्ही निघालो. एक तंबू, स्टोव्ह, दोर आणि थोडं खाणं तेवढं बाकीच्या दोघांनी पाठीवर घेतलं. अख्ख्या उतारावर ताईंना वाटत होतं की त्या नितीनला खाली नेताहेत. "हळू, पाय पाहून ठेव," त्या त्याला सांगत होत्या आणि स्वतःचा पाय कुठं पडतो ते त्यांना कळत नव्हतं. एका बाजूनं नितीननं त्यांना कमरेला धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं टशीनं. कठीण जागी टशी त्यांना पाठीवर घेई. मी पुढं राहून सैल दगड बाजूला करत होतो आणि दर थोड्या वेळानं मागे वळून त्यांचं बोलणं चालू आहे ना ते ऐकत होतो. मध्ये एकदा ते बंद पडलं. नितीननं त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "ताई, मले भेव वाटते, बोला ना माह्यासंग." काही उत्तर आलं नाही. मान खांद्यावर पडली होती. त्या उतारावरचा तेवढा तुकडा मला आजही स्वप्नात दिसतो. फक्त बुटांचा आवाज आणि कुणीच बोलत नाही.

नदीवर पोहोचलो तेव्हा दुपार होती. पाणी मातकट, वाढलेलं. इतकं खाली आल्यावर हवा दाट वाटत होती. ताईंना काठावर झोपवलं. अश्विनी त्यांचे पाय चोळत होती. नितीन पाण्याकडे बघत होता. पलीकडे गेलो तर मी रात्रीतून गावापर्यंत धावत जाऊन खेचर आणतो, असं तो म्हणत होता. त्यानं दोर सोडायला घेतला.

"काय करून राहिला गा?"

आम्ही वळलो. ताई कोपरावर रेलून उठल्या होत्या. चष्मा वाकडा झालेला, ओठ सुकलेले. त्या नदीकडे बघत होत्या.

"पाणी दिसत नाही का तुले?" त्या म्हणाल्या. "या वेळेले नदीत उतरतात का? दगड वाजून राहिले खाली. मले भेव वाटून राहिलं. सकाळी जाऊ. अन् मी इथं कशी आलो?"

अश्विनीनं तोंडावर रुमाल दाबून धरला. नितीन दोरावरच बसला. टशी बडबडत स्टोव्ह पेटवायला गेला, काय बडबडत होता कुणास ठाऊक.

शिखर राहिलं. सामान टशी आणि खेचरवाला मागून घेऊन आले. नागपूरला परतल्यावर मंडळाची बैठक झाली. काय सांगायचं यावर आमची कुजबुज चालली होती. वातावरण खराब होतं म्हणावं, असं मी सुचवणार होतो. त्याआधीच ताई उभ्या राहिल्या. "मी आजारी पडलो अन् मले समजलं नाही. या पोरांना समजलं. म्हणून परत आलो." एवढं बोलून बसल्या. त्यांना त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. आम्हा प्रत्येकाला वेगवेगळं गाठून त्यांनी विचारून घेतलं. "मी कोणाले वाईट बोललो तं नाही?" नितीनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "नाही ताई. तुम्ही मले खाली आणलं." त्यानंतर त्याच्या तोंडून भेकडताई हा शब्द मी ऐकला नाही.

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा उंचावर जायला मनाई केली. त्यांनी वाद घातला नाही. मात्र घरातली त्यांची भीती वाढली. त्यांच्या वहिनी सांगायच्या, हल्ली शाळेतून फोन करतात, गॅस बंद आहे का बघा. मी भेटायला गेलो की त्या दाराच्या कडीकडे बघत बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "इथं समजत नाही गा कायचं वाटते ते." मी आत जाऊन गॅस बंद आहे ते बघून आलो आणि त्यांना सांगितलं.

पुढं काही वर्षांनी अश्विनीच्या नेतृत्वाखाली आम्ही त्याच शिखराकडे निघालो. नितीन होता, मी होतो, काही नवीन पोरं होती. या वेळी शिखर झालं. वर उभं राहून आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या आणि नितीन म्हणाला, खाली गेल्या गेल्या ताईंना फोन. शेवटच्या गावात दुकानासमोर उभं राहून आम्ही फोन चालू केले. माझ्या फोनवर ताईंच्या भावाचा निरोप होता. शाळेत, तास चालू असताना, फळ्यापाशीच ताईंचं हृदय थांबलं. आम्ही बेस कॅम्पला असताना सगळं आटोपलंही होतं. नितीन फोन कानाशी धरून तसाच उभा राहिला. त्यानं नंबर लावलेला होता आणि तिकडे बेल वाजत होती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच मोहिमेला निघताना, नागपूर स्टेशनवर. सकाळची गाडी होती. आम्हाला निरोप द्यायला आल्या होत्या, पण आमच्याशी फार बोलल्या नाहीत. आमची नखं बघितली, अश्विनीच्या सॅकचे पट्टे ओढून बघितले आणि बाजूला झाल्या. अश्विनीची आई आली होती. ती पदराचं टोक तोंडाशी धरून बाकावर एकटीच बसली होती. गाडी हलली तेव्हा आम्ही सगळे दारात गोळा झालो, हात हलवायला. फलाटावरच्या गर्दीतून मी ताईंना शोधलं. त्या अश्विनीच्या आईशेजारी बसल्या होत्या. आईचा तळहात त्यांनी उघडून आपल्या मांडीवर घेतला होता आणि त्यावर बोटानं वाट काढून दाखवत होत्या. मनगटाकडून सुरू होऊन बोट हळूहळू वर जात होतं, मध्ये थांबत होतं, काहीतरी समजावत होतं, पुन्हा पुढं सरकत होतं. आई वाकून बघत होती. गाडीनं वेग घेतला. आम्ही ओरडून हाका मारल्या. दोघींपैकी कुणीही वर पाहिलं नाही.